तीनशे मीटरवरची चार बोटं: वार्मिंट रायफलसाठी स्कोप कसा निवडायचा

स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एक्सचा, म्हणजे किती पट मोठं दाखवणारा? वायोमिंगमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानेही तोच विचारला. "मामा, पन्नास एक्सचा सेलमध्ये मिळतोय, घेऊ का?" म्हटलं, "घे की, चंद्र छान दिसेल."

चेष्टा सोडली तर प्रश्न खरा आहे. आपल्याकडची बरीच मुलं अमेरिकेत गेली आहेत. त्यातली काही तिथल्या सहकाऱ्यांबरोबर माळरानावर प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातला बिळातला प्राणी) किंवा कोयोटे (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) मारायला जातात, आणि सल्ला मात्र इंदूरला फोन करून मागतात. रामबाग, सुदामानगरात एअर रायफलचा नाद असलेलीही कमी नाहीत. दोघांसाठी एकदाच सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं, म्हणजे नंतर घोटाळा नको. 'वार्मिंट' हा प्रकार अमेरिकेतला आहे: गवताळ कुरणात बिळं करून राहणारे प्रेअरी डॉग, ग्राउंड स्क्विरल, पूर्वेकडे वुडचक, आणि कोयोटे. पिकांचं आणि कुरणांचं नुकसान करतात म्हणून अनेक राज्यांत त्यांच्यावर गोळी चालवता येते. परवाना, हंगाम, सरकारी जमिनीवरची बंदी हे सगळं राज्यागणिक बदलतं. युटा प्रेअरी डॉगसारखी जात तर तिथल्या केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे समोर कोणती जात आहे हे ओळखता आल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नये. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. शिकारीवर बंदी आहे, आणि कोणता प्राणी उपद्रवी ठरवायचा याचा अधिकार केंद्राकडे आहे. माळव्यात रोजडे (नीलगायी) सोयाबीन आणि हरभऱ्याचं किती नुकसान करतात ते शेतकऱ्याला विचारा. पण त्यासाठीही सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, हौशी माणसाचं ते काम नाही. रालामंडळच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगृह अजून उभं आहे. ते बघून यावं आणि तेवढ्यावर थांबावं.

मोजमाप आधी, दुकान नंतर

काळ्या शेपटीचा प्रेअरी डॉग बिळाच्या तोंडाशी उभा राहिला की उंचीला फूटभर, रुंदीला आठ-दहा सेंटिमीटर. आपली चार बोटं आणि वर थोडं. आता ३०० मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एमओए (कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग), किती होतो? ८.७ सेंटिमीटर. याचा अर्थ तो अख्खा प्राणी रुंदीला साधारण एक एमओए आहे. रायफलचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा फैलाव), काडतुसातला फरक, वारा आणि स्कोपची चूक, हे सगळं मिळून त्या एका मिनिटात बसलं पाहिजे. म्हणून स्कोप निवडताना प्रत्येक वेळी एकच विचारायचं: हा माझ्या एका मिनिटातला किती भाग खातो?

बाकीचे आकडे पाठ नसले तरी चालेल, पण हे दोन हाताशी ठेवा. १०० मीटरवर एक मिल (अंतराचा हजारावा भाग) म्हणजे १० सेंटिमीटर, आणि एक एमओए म्हणजे २.९ सेंटिमीटर. मेट्रिकमध्ये वाढलेल्या माणसाला मिल सोपा जातो: ३०० मीटरवर ३० सेंमी, ४०० वर ४०. तिकडचे लोक यार्ड आणि इंचात बोलतात, त्यांना एमओए जवळचा, कारण १०० यार्डांवर तो जवळजवळ एक इंच भरतो. दोन्ही चालतं. टरेट (नेम सरकवायची घुंडी) मिलमध्ये आणि रेटिकल (काचेतली नेमाची फुली, म्हणजे क्रॉसहेअर, आणि तिच्यावरच्या खुणा) एमओएमध्ये असा जोड मात्र घेऊ नका. जुन्या स्वस्त मॉडेलांत तो अजून सापडतो, आणि मैदानात गुणाकार करत बसावं लागतं.

किती पट?

साधा हिशेब. ३०० मीटरवरचा प्राणी १२ पटीत २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो, २० पटीत १५ मीटरवर. पंधरा मीटरवर उभी असलेली खार तुम्हाला दिसत नाही का? मग ३२ किंवा ५० कशाला?

जास्त पट घेतली तर बिघडतं कुठे, हे कळायला वायोमिंग लागत नाही. एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर इंदूर-देपालपूर रस्त्याच्या बाजूच्या शेतात जा. काळी माती, वर वाळलेली खुंटं. सकाळी सातला ३०० मीटरवरच्या पाटीवरची अक्षरं २४ पटीत कोरल्यासारखी दिसतात. साडेदहा-अकराला तीच पाटी पाण्यात पडल्यासारखी हलायला लागते. जमिनीवरून उठणारी गरम हवा थरथरते आणि स्कोप ती थरथरही २४ पटीने मोठी करून दाखवतो. अशा वेळी पट बदलायची रिंग फिरवून १२ वर आणा: पाटी लहान होते, पण अक्षरं वाचता येतात. प्रेअरी डॉग उन्हाच्या दिवसांत, उघड्या कुरणावर मारतात, तिथे हेच घडतं. मोठ्या आकड्याचे पैसे तुम्ही पहाटेच्या दोन तासांसाठी मोजता.

दुसरं नुकसान दृश्याच्या रुंदीचं. ६-२४ पटीच्या स्कोपमध्ये २४ वर साधारण दीड मीटरपेक्षा कमी रुंदी दिसते, तीही १०० मीटरवर. ३०० मीटरवर चारेक मीटर. रायफलने धक्का दिला की प्राणी चौकटीबाहेर, गोळी कुठे पडली तेही दिसत नाही, आणि पुढचा नेम सुधारायचा कशावरून? शेजारचा बिळातून डोकावतोय तो सापडायलाच अर्धा मिनिट जातो.

माझं मत विचाराल तर .२२३ रेमिंग्टन किंवा .२०४ रुगरसारख्या रायफलीवर, ३०० ते ४०० मीटरपर्यंतच्या कामाला ४-१६ किंवा ६-१८ पट पुरते. ६-२४ घेतला तर तक्रार नाही, पण त्याचा १२ ते १८ मधला भाग स्वच्छ असला पाहिजे, कारण दिवसभर राहणार तुम्ही तिथेच. .२२-२५० घेऊन ५०० मीटरकडे जाणाऱ्याला २५ पटीचा उपयोग आहे. कोयोटेला हाक देऊन जवळ बोलावून मारायचं असेल तर उलट खालचा आकडा बघा, तो ३ किंवा ४ असावा. झुडपातून अचानक ऐंशी मीटरवर आलेला प्राणी ८ पटीत सापडत नाही.

पुढची काच

आकाराने डोळे दिपतात, पण इथेही भागाकार आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या चकतीचा व्यास. ५० मिमी भागिले २४ बरोबर जेमतेम दोन मिमी. ५० भागिले १२ बरोबर चार. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिमीचीच असते, त्यामुळे वार्मिंटच्या कामाला ४२-४४ मिमीची चांगली काच ५६ मिमीच्या सुमार काचेपेक्षा केव्हाही बरी. मोठी काच घेतली की स्कोप रायफलला धरणारी रिंग उंच लागते, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि वजन वाढतं ते वेगळंच.

दुकानात हे तपासता येतं. स्कोप उजेडाकडे करा (सूर्याकडे कधीही नाही), डोळ्याच्या बाजूला हातभर अंतरावरून बघा. एक उजळ गोल दिसेल. तो पूर्ण गोल आणि कडेला धारदार हवा. एका बाजूने चेपलेला किंवा कडेला करडा असेल तर आत कुठेतरी काटकसर केलेली आहे. मग दूरच्या होर्डिंगवरचा फोन नंबर वाचा, संध्याकाळी उजेड उतरल्यावर पुन्हा वाचा. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांना जांभळी-हिरवी किनार किती आहे ते दिसेल. थोडी असतेच, पण मधोमधही असेल तर सोडून द्या. हे सगळं नुसता स्कोप ट्रायपॉडवर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवून करायचं. गच्चीवर रायफलला लावून बसलात आणि समोरच्या काकूंनी पोलिसांना फोन केला, तर चूक काकूंची नाही. रायफलवर चढवलेला स्कोप दुर्बीण म्हणून वापरायचा नसतोच. बघण्यासाठी वेगळी ८-१० पटीची दुर्बीण ठेवा.

पॅरॅलॅक्स: इथे पैसे वाचवू नका

डोकं थोडं हलवल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी वाटते, ती पॅरॅलॅक्सची चूक. साधे शिकारी स्कोप कारखान्यातूनच १०० किंवा १५० यार्डांना जुळवून येतात, रिमफायरचे (.२२ सारख्या लहान काडतुसाच्या रायफलींचे) ५० यार्डांना. हरणाला ते पुरतं. आपल्या चार बोटांना पुरत नाही. १०० मीटरला जुळवलेला ४० मिमी काचेचा स्कोप ३०० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर चूक चार सेंटिमीटरपर्यंत जाते. प्राण्याची अर्धी रुंदी तिथेच गेली.

म्हणून डाव्या बाजूला फोकसची घुंडी असलेला स्कोप घ्या. पुढच्या काचेभोवती फिरणारी रिंग असलेला प्रकारही चालतो, आणि स्वस्तही असतो. फक्त पडून नेम धरताना हात तिथपर्यंत न्यावा लागतो. घुंडीवर छापलेल्या अंतरांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रायफल पिशवीवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोकं वर-खाली करा, क्रॉसहेअर लक्ष्यावर चिकटून राहीपर्यंत घुंडी फिरवा. चित्र स्वच्छ दिसणं आणि पॅरॅलॅक्स जाणं बहुधा एकाच जागी होतं, पण नेहमीच नाही. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर पॅरॅलॅक्स घालवा.

रेटिकल

जाड क्रॉसहेअर लहान प्राणी झाकून टाकते. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल पटीबरोबर लहान-मोठी होते आणि तिच्यावरच्या खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या असतात. ०.०५ मिल जाडीची रेघ ३०० मीटरवर दीड सेंटिमीटर झाकते, तेवढं चालवून घेता येतं. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेघ सगळीकडे सारखीच बारीक दिसते, पण खुणा एकाच पटीवर खऱ्या, बहुधा सर्वांत वरच्या. २४ वर एक मिल दाखवणारी खूण १२ वर दोन मिलची होते.

जुने वार्मिंटवाले सेकंड प्लेन आणि मधोमध बारीक ठिपका यांवर जीव टाकतात, आणि टरेट फिरवूनच नेम साधणाऱ्याला ते खरंच छान आहे. पण वर सांगितलं तसं ऊन चढलं की पट कमी करावी लागते. त्या वेळी वाऱ्यासाठी खुणांवर नेम धरणाऱ्याचा हिशेब सेकंड प्लेनमध्ये कोसळतो. म्हणून नवीन माणसाला मी फर्स्ट प्लेन सुचवतो. ख्रिसमस ट्रीसारखी ठिपक्यांची गर्दी असलेली मात्र नको. गवतात त्या ठिपक्यांतूनच प्राणी शोधत बसाल.

टरेट, आणि घरबसल्या करायची परीक्षा

टरेटचा एक खटका, म्हणजे क्लिक, पाव एमओएची असो, एक अष्टमांश एमओएची किंवा ०.१ मिलची, ३०० मीटरवर अनुक्रमे २.२, १.१ आणि ३ सेंटिमीटर होतात. तिन्ही पुरेशा बारीक. महत्त्वाचं वेगळंच: दहा क्लिक वर आणि दहा खाली केल्यावर स्कोप त्याच जागी परत येतो का?

याला गोळी लागत नाही. कार्डशीटच्या पट्टीवर मार्करने दर पाच सेंटिमीटरवर आडवी रेघ मारा, एकूण अर्धा मीटर, आणि मधोमध एक उभी रेघ. गल्लीच्या टोकाला भिंतीवर बरोबर ५० मीटर टेपने मोजून चिकटवा. अंतर डोळ्याच्या नळीपासून मोजू नका, टरेटपासून मोजा. स्कोप सुताराच्या शिकंज्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळून, हलणार नाही असा धरा. शिकंजा नसेल तर रिंगांसकट जड फळीवर बसवा. पॅरॅलॅक्स ५० वर आणा आणि क्रॉसहेअर पहिल्या रेघेवर ठेवा. आता ०.१ मिलच्या ५० क्लिक, म्हणजे पाच मिल. ५० मीटरवर एक मिल पाच सेंटिमीटर, तेव्हा क्रॉसहेअर २५ सेंटिमीटरवर, म्हणजे पुढच्या पाचव्या रेघेवर बसली पाहिजे. बोटाला प्रत्येक क्लिक वेगळी लागते का बघा. ओल्या बिस्किटासारखी दबत असेल तर मैदानात मोजदाद चुकणार. परत शून्यावर आणा. पहिल्या रेघेवर आली? पुन्हा करा, मग आडव्या दिशेने करा. क्रॉसहेअर उभ्या रेघेवरून जाताना बाजूला तिरकी सरकत असेल तर आधी स्कोप सरळ आहे का पाहा. तरीही सरकली तर वॉरंटीत परत द्या. एकदोन टक्क्यांचा फरक सगळ्या अंतरांवर सारखाच पडत असेल तर तो लिहून ठेवून निभावता येतो. कधी इकडे कधी तिकडे जाणारा स्कोप कितीही चकचकीत असला तरी नको.

ज्याला शून्यावर अडणारा टरेट असतो, म्हणजे झीरो स्टॉप, त्याला जास्त गुण द्या. घाईत पूर्ण एक फेरा चुकणं फार सोपं असतं.

नावं विचारतात म्हणून: व्हॉर्टेक्स डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४x५० हा फर्स्ट प्लेन, ३० मिमी नळी, सातशे ग्रॅमच्या आत. सुरुवातीला पुष्कळ. ल्युपोल्ड वजनाला हलके आणि काच चांगली, पण मार्क ५एचडीची नळी ३५ मिमी, साध्या ३० किंवा ३४ च्या रिंगा बसत नाहीत, हे ऑर्डर देण्याआधी लक्षात घ्या. नाइटफोर्स जड आणि महाग, टरेटच्या बाबतीत डोकं शांत ठेवणारे. जाड नळीने उजेड वाढतो हा मात्र गैरसमज आहे. नळी जाड असली की आत वर-खाली करायला जागा आणि मजबुती मिळते, बस. स्कोपसाठी ठेवलेल्या पैशातला पाचवा-सहावा हिस्सा रिंग आणि रेल (रिंगा जिच्यावर बसतात ती रायफलवरची पट्टी) यांसाठी बाजूला काढा. तो राहत नसेल तर एक पायरी खालचा स्कोप घ्या.

बसवणं

रेल पिकॅटिनी (आडव्या खाचांची) असेल तर रिंगा पिकॅटिनीच घ्या. पुढची काच बंदुकीच्या नळीला न टेकता जितकी खाली बसेल तितकी बरी. सर्वांत जास्त पटीवर ठेवून, डोळे मिटून गाल नेहमीच्या जागी टेकवा, मग डोळे उघडा. काळी कड न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. नाही तर स्कोप पुढे-मागे सरकवा. साधारण ८५ ते १०० मिमी अंतर राहतं.

सरळपणासाठी गवंड्याचा ओळंबा ५० मीटरवर टांगा आणि उभी रेघ दोरीवर जुळवा. रायफल त्या वेळी पातळीत हवी. पाच अंश कललेल्या स्कोपवर ५० सेंटिमीटरची दुरुस्ती केली की गोळी चार सेंटिमीटरहून जास्त बाजूला जाते. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने, रिंग बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर. बहुतेकांचा १५ ते १८ इंच-पाउंड असतो, म्हणजे दोन न्यूटन-मीटरच्या आसपास. हाताच्या अंदाजाने आवळून नळी चेपलेली मी पाहिली आहे, आणि मग दोष स्कोपला देतात.

डोळ्याजवळचा फोकस बसवताना कोऱ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे क्षणभर बघायचं, नजर काढायची, फिरवायचं, पुन्हा क्षणभर. टक लावून बघितलं तर डोळाच जुळवून घेतो आणि दुपारी डोकं दुखतं. चष्मा लावून नेम धरणार असाल तर हेही चष्म्यासकट.

झीरो आणि तक्ता

.२२३ मध्ये ५५ ग्रेनची गोळी, नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ९८५ मीटर. २०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे गोळी बरोबर नेमावर बसेल असा स्कोप जुळवला, तर ३०० ला ती १७ सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते, ४०० ला अर्धा मीटर. अर्धा मीटर म्हणजे ४०० यार्डांवर साधारण १.४ मिल, ०.१ च्या १४ क्लिक. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० ला गोळी २५ सेंटिमीटर ढकलतो. चार बोटांच्या प्राण्यासमोर २५ सेंटिमीटर! म्हणून वाऱ्याच्या खुणा असलेली रेटिकल घ्या म्हणतो, आणि स्कोपमधली हवेची थरथर कुठल्या बाजूला वाहते ते बघायला शिका. हे आकडे फक्त आधाराला आहेत. आपल्या रायफलने प्रत्येक अंतरावर कागदावर गोळ्या टाकून जे निघेल तेच दस्त्यावर चिकटवायचं.

इंदुरातल्यांसाठी

४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे सराव त्यावरच होतो. मात्र तिला सेंटरफायरचा (मोठ्या काडतुसाच्या रायफलीचा) महागडा स्कोप चढवू नका. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देते, आणि त्या उलट्या धक्क्याने चांगले-चांगले स्कोप आतून सुटतात. एअरगनसाठी म्हणून लिहिलेलाच घ्या, पॅरॅलॅक्स १० मीटरपर्यंत खाली येणारा, ३-९ किंवा ४-१२ पट, आणि मागे सरकू नये म्हणून एका रिंगला स्टॉप पिन. मुलाला पुढे स्पर्धेत उतरवायचं असेल, महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटची किंवा भोपाळच्या अकादमीची स्वप्नं असतील, तर स्कोप घेऊच नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० आणि ५० मीटर रायफलमध्ये दुर्बिणीचा नेम चालत नाही, पीप साइटवरच (बारीक भोकातून धरायच्या नेमावर) हात बसला पाहिजे.

आणि "मामा, येताना सुटकेसमध्ये टाकून आणतो" हे कुणी म्हणालं तर थांबवा. रायफल-स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण यादीत आहेत आणि इथल्या कस्टम्सचे नियम वेगळे. दोन्हीकडे लेखी विचारल्याशिवाय विमानात बसवू नका. इथल्या परवानाधारक विक्रेत्याकडून बिलासकट घ्यावा.

जो घ्याल तो पावसाळ्यात जपा. नळीत नायट्रोजन असला तरी बाहेरच्या काचेवर बुरशी धरते, आणि चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पेटीत ती लवकर धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या (ती कढई पुन्हा स्वयंपाकात नको). काच पुसताना आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मगच कापड. शर्टाचं टोक नाही.